पुराचा इशारा: व्हॉट्सॲप की देवळावरचा भोंगा?

जायकवाडी धरणातून विसर्ग वाढला की क्युसेकचा (सेकंदाला किती घनफूट पाणी) आकडा ग्रुपवर येतो. पैठणखालच्या गोदाकाठाला तेवढा वेळ मिळतो. पण ढगफुटीनं फुगलेल्या ओढ्याला कुठला विसर्ग? शिवाय वीज बराच वेळ गेली की मोबाइलचा टॉवरही जातो.

तिथं भोंगाच बरा, तोही १२ व्होल्ट बॅटरीवरचा. पुलाच्या खांबावर ऑइलपेंटनं खुणा करा: पिवळीला पाणी टेकलं की जनावरांची दावी सोडायची, लालला माणसं हलवायची. लाल खूण घराच्या उंबऱ्यावरून ठरवू नका. बाहेर पडायचा रस्ता बुडतो त्याच्या दोन फूट खाली हवी. इथंच बहुतेक गावं चुकतात.

बॅटरी ऐनवेळी उतरलेली सापडते (गणपतीत वापरलेली असते!), म्हणून पावसाळाभर दर आठवड्याला वाजवून बघा. वाऱ्याच्या उलट दिशेच्या शेतवस्तीवर आवाज नीट पोचत नाही, तिथं मात्र माणूसच धाडावा.