फ्रॅक्शनल सीओटू लेझर: मुरुमांच्या खड्ड्यांसाठी करून घेतलं, सविस्तर रिव्ह्यू

आधी निकाल सांगते, ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी. दोन्ही गालांवर मुरुमांचे जुने खड्डे होते, त्यासाठी फ्रॅक्शनल सीओटू लेझर करून घेतलं. खड्डे उथळ झालेत, पूर्ण गेलेले नाहीत. समोरून बघितलं तर गाल बरेच सपाट वाटतात, बाजूने प्रकाश पडला की जे खोल होते ते अजून ओळखू येतात. मी खूश आहे, पण ही खुशी लेझरनंतर लगेच नाही आली, बरेच महिने जावे लागले, आणि मधले काही आठवडे असे होते की आपल्याला आधी नीट माहिती नसती तर नक्की घाबरलो असतो. म्हणून एवढं लांबलचक लिहितेय.

पहिली गोष्ट म्हणजे नुसतं "फेसला लेझर करायचंय" असं सांगून कुठेही जाऊ नका, कारण लेझर या एका नावाखाली वाट्टेल ते विकलं जातं. कार्बन पील, लेझर टोनिंग वगैरे जे असतं ते बहुतेक वेळा १०६४ नॅनोमीटरच्या (हा आकडा म्हणजे लेझरच्या प्रकाशाची तरंगलांबी) एनडी-याग मशीनवर होतं, त्यात कातडी सोलली जात नाही, संध्याकाळी कार्यक्रमाला जाता येतं, आणि खोल खड्ड्यांना त्याचा फारसा उपयोग होत नाही. रिसरफेसिंग ही वेगळी गोष्ट आहे. त्यात मुद्दाम, मोजून मापून जखम केली जाते आणि शरीर ती भरताना नवीन कोलॅजन, म्हणजे कातडीला भरीव ठेवणारं प्रथिन, तयार करतं. फायदा त्या भरण्यातून मिळतो. हे एकदा डोक्यात पक्कं बसलं ना की पुढचं सगळं समजतं, सूज का येते, वेळ का लागतो, ऊन का टाळायचं, सगळं.

आता रिसरफेसिंगमध्येही दोन घराणी आहेत. एक अॅब्लेटिव्ह, म्हणजे कातडीचा वरचा भाग अक्षरशः वाफ होऊन उडतो. यात सीओटू (१०,६०० नॅनोमीटर) आणि अर्बियम याग (२९४० नॅनोमीटर) येतात, दोन्ही कातडीतल्या पाण्यावर काम करतात. अर्बियमचा प्रकाश पाणी कितीतरी जास्त शोषून घेतं त्यामुळे आजूबाजूला उष्णता कमी पसरते आणि जखम लवकर भरते, सीओटूमध्ये उष्णता जास्त राहते, त्यामुळे कातडी आकसून घट्ट व्हायलाही मदत होते पण लाली जास्त दिवस टिकते. दुसरं नॉन-अॅब्लेटिव्ह, उदाहरणार्थ १५५० नॅनोमीटरचं, ज्यात वरचा थर जागेवर राहतो आणि उष्णता आत पोचवली जाते. त्रास कमी, सुट्टी कमी, पण फरकही हळूहळू, साधारण महिन्या-महिन्याच्या अंतराने तीन ते पाच वेळा करावं लागतं.

सीओटू लेझर तसा जुना आहे, १९६४ मध्ये बेल लॅब्समध्ये कुमार पटेल यांनी तो तयार केला. १९९० च्या दशकात त्याने पूर्ण चेहऱ्याची कातडी एकसलग काढायचे, निकाल जबरदस्त यायचे पण लाली महिनोन्महिने राहायची आणि काहींना तर बऱ्याच महिन्यांनंतर कायमचे फिकट पट्टे पडायचे. मग २००४ साली डिटर मॅनस्टाइन, रॉक्स अँडरसन आणि सहकाऱ्यांनी फ्रॅक्शनल पद्धत मांडली. म्हणजे सगळी कातडी न काढता चाळणीसारखी बारीक बारीक भोकं पाडायची आणि मधली कातडी शाबूत ठेवायची, ती शाबूत कातडी शेजारची जखम पटकन भरून काढते. आज जे बहुतेक ठिकाणी करतात ते हेच. मीही हेच केलं.

आता कन्सल्टेशन. माझ्या मते पैसे इथेच वसूल होतात किंवा इथेच बुडतात. मी आधी एका ठिकाणी गेले होते तिथे काउंटरवरच्या मुलीने चेहरा लांबून बघून थेट पॅकेजचा कागद पुढे केला, डॉक्टर भेटलेच नाहीत. तिथून सरळ निघाले. नंतर ज्या स्किनच्या डॉक्टरांकडे केलं त्यांनी खुर्चीत बसवून, दिवा बाजूने धरून, कातडी ताणून एकेक खड्डा बघितला. खड्ड्यांचे प्रकार असतात हे मला तिथे नीट समजलं. काही अरुंद आणि खोल, टोचल्यासारखे, त्यांना आइसपिक म्हणतात, यांना एकट्या लेझरने फार फरक पडत नाही, त्यांच्या तळाशी तीव्र टीसीए अॅसिडचा थेंब लावून उपचार करतात. काही रुंद, सरळ कडांचे, बॉक्सकार, हे लेझरला चांगले ऐकतात, विशेषतः उथळ असतील तर. आणि काही लाटांसारखे, रोलिंग, जे आतून तंतूंनी खाली ओढलेले असतात, त्यांना आधी सुईने ते तंतू सोडवावे लागतात, सबसिजन म्हणतात त्याला. बऱ्याच जणांच्या चेहऱ्यावर तिन्ही मिसळलेले असतात, त्यामुळे "एका लेझरमध्ये सगळं क्लिअर" असं कुणी म्हणालं तर त्याला विचारा की माझे खड्डे कुठल्या प्रकारचे आहेत. उत्तर आलं नाही तर दुसरा डॉक्टर शोधा.

डॉक्टरांनी जे प्रश्न विचारले तेही सांगते कारण तुम्हाला नाही विचारले तर तुम्ही आपणहून सांगा. ओठाच्या कडेला पाण्याचे फोड कधी येतात का? येत असतील, आणि पूर्ण चेहऱ्याचं करणार असतील तर बऱ्याचदा न येणाऱ्यांनाही, अॅसायक्लोविर किंवा व्हॅलासायक्लोविरच्या गोळ्या आधीपासून सुरू करतात, कारण ती नागीण जातीची व्हायरसची लागण ताज्या कातडीवर पसरली तर व्रण राहू शकतात. जखम भरताना जाड, फुगीर वण येतो का, म्हणजे केलॉइडची सवय? कोड किंवा सोरायसिस आहे का? प्रेग्नंट आहात का? सिगारेट? मुरुमांसाठी आयसोट्रेटिनोइनच्या गोळ्या घेताय किंवा नुकत्याच बंद केल्यात का? या गोळ्यांनंतर पूर्वी सरसकट सहा महिने थांबायला सांगायचे, आता फ्रॅक्शनलसारख्या काही प्रकारांसाठी तो नियम सैल झालाय, पण पूर्ण चेहऱ्याच्या खोल अॅब्लेटिव्हसाठी अजून थांबतात, तेव्हा लपवू नका. आणि आत्ता चेहऱ्यावर लाल, पिकलेले मुरूम असतील तर आधी ते शांत करायचे, खड्ड्यांचं नंतर.

रंगाचा मुद्दा. हा सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात कमी बोलला जातो. फिट्झपॅट्रिक म्हणून एक मोजपट्टी आहे, एक ते सहा, कातडी उन्हात किती भाजते आणि किती काळवंडते यावर. गव्हाळ, सावळी, काळी कातडी साधारण चार ते सहामध्ये येते, आणि अशा कातडीला जखम झाली की ती भरताना काळा डाग सोडायची सवय असते. डास चावला तरी महिनाभर डाग राहतो ना, तीच कातडी. त्यामुळे लेझर मशीन तेच असलं तरी सेटिंग वेगळं लागतं, भोकांची दाटी कमी, सेशन जास्त, दोन सेशनमध्ये अंतर जास्त. माझ्या डॉक्टरांनी आधी कानाजवळ एक छोटा टेस्ट पॅच केला आणि काही आठवडे वाट बघायला लावली, तेव्हा मला कंटाळा आला होता पण आता वाटतं की याच्याशिवाय कुणी पूर्ण चेहऱ्याला हात लावूच देऊ नये. आणि वांग असेल तर फार जपून, उष्णतेने वांग उलट वाढू शकतो. वांग घालवायला म्हणून खोल सीओटू सुचवणाऱ्या माणसाकडे मी तरी जाणार नाही.

प्रत्यक्ष लेझरचा दिवस त्यामानाने छोटा आहे. आठवडाभर आधी रेटिनॉल, अॅसिडवाले सीरम बंद. क्लिनिकमध्ये सुन्न करणारं क्रीम लावून पाऊणएक तास बसवतात. हे क्रीम घरून भरपूर थापून, वर प्लास्टिक लावून येऊ नका, मोठ्या भागावर जास्त शोषलं गेलं तर चक्कर, कानात घुंई असे प्रकार होऊ शकतात, क्लिनिकमध्येच लावू द्या. डोळ्यांवर झाकण अगदी सक्तीचं, त्यात तडजोड नाही. मग एकेक चौकोन मारत जातात, गरम टाचण्या एकदम टोचाव्यात तसं, शेजारी कुणीतरी थंड हवेचा पाइप धरतं. गालावर सोसवतं, वरच्या ओठावर आणि कपाळाच्या हाडावर चांगलंच लागतं. जळका वास येतो, धूर ओढून घ्यायचं मशीन चालू असतं, तो वास आपल्याच कातडीचा आहे हे आधी माहीत असावं. संपल्यावर खरी आग सुरू होते, कडक उन्हाने भाजल्यासारखी, काही तास राहते, गार पट्ट्यांनी बरं वाटतं.

आणि मग घरचे दिवस. हा खरा उपचार आहे असं माझं स्पष्ट मत. पहिल्या दिवशी चेहरा लाल, ओलसर, बारीक टिपक्यांची जाळी दिसते, थोडं पाणी झिरपतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सूज सगळ्यात जास्त, सकाळी डोळे अर्धवट उघडतात, उशी उंच घेऊन झोपलं तर कमी होते. त्यानंतर चेहरा काळपट-तपकिरी होतो आणि हाताला सॅंडपेपर लागतो, आणि इथे खूप जण घाबरतात की डाग पडले. ते डाग नसतात, ती मेलेली कातडी बाहेर पडत असते, आठवड्याभरात आपोआप गळते. आपोआप हा शब्द लक्षात ठेवा. खाज प्रचंड सुटते, कडा उचललेल्या दिसतात, हात जातोच, पण खपली ओढली की तिथे डाग किंवा व्रण राहायची भीती असते, म्हणून नखं कापून टाका आणि चेहऱ्यावर व्हॅसलीनसारखं साधं मलम सतत ओलं राहील इतकं लावत राहा. जखम कोरडी पडू द्यायची नाही. सौम्य, वास नसलेला क्लेन्झर, टॉवेलने घासणं नाही. घरगुती काहीही लावायचं नाही, हळद, लिंबू, कोरफडीचा कापलेला गर, काहीच नाही, कितीही प्रेमाने कुणी आणून दिलं तरी, कारण ती उघडी जखम आहे. मलमाने मध्ये पांढरे बारीक दाणे किंवा पुटकुळ्या येऊ शकतात, त्या बहुतेक वेळा मलम कमी केल्यावर जातात, पण डॉक्टरांना फोटो पाठवा.

काय नॉर्मल नाही ते वेगळं सांगते. आग आणि दुखणं दिवसागणिक कमी व्हायला हवं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी उलट वाढायला लागलं, पिवळी खपली, पू, घोळक्याने पाण्याचे फोड, ताप, असं काही दिसलं तर त्याच दिवशी फोन करायचा, सकाळची वाट बघायची नाही. म्हणूनच लेझर करायच्या आधी विचारून ठेवा की रविवारी रात्री काही झालं तर फोन कोण उचलेल. मला डॉक्टरांनी स्वतःचा नंबर दिला होता आणि त्यांनी दोनदा उचललाही, या एका गोष्टीसाठी मी त्यांना पूर्ण मार्क देते.

आठवड्यानंतर कातडी गुलाबी, तुकतुकीत दिसते, सूज अजून थोडी आत असते त्यामुळे खड्डे गायब झाल्यासारखे वाटतात. त्या आनंदात फोटो काढून निकाल जाहीर करू नका. सूज उतरली की खड्डे परत दिसायला लागतात आणि मन खट्टू होतं, मीही दोन आठवडे आरशापासून लांब राहिले. खरं कोलॅजन तीन ते सहा महिने बनत राहतं, तेव्हा तुलना करायची तर आधीचा फोटो आणि सहा महिन्यांनंतरचा फोटो, एकाच खिडकीत, एकाच वेळी, मेकअपशिवाय. क्लिनिकमध्ये दाखवतात ते आधी-नंतरचे फोटोही असेच तपासा, प्रकाश बदललाय का, नंतरचा फोटो किती दिवसांनी काढलाय.

महिन्याच्या आसपास मला गालाच्या हाडावर थोडं काळवंडल्यासारखं झालं. अशा रंगाच्या कातडीत हे बऱ्यापैकी होतं आणि बहुतेकदा काही महिन्यांत जातं, माझंही क्रीम आणि सनस्क्रीनवर हळूहळू गेलं. सनस्क्रीन म्हणजे झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइडवालं, एसपीएफ ३० किंवा जास्त, कातडी बंद झाल्यापासून रोज, दर दोन-तीन तासांनी परत, शिवाय टोपी. ज्यांचं काम दिवसभर उन्हात आहे आणि ते बदलता येत नाही त्यांनी सीओटू करूच नये असं मला वाटतं, नॉन-अॅब्लेटिव्हबद्दल किंवा मायक्रोनीडलिंगबद्दल (बारीक सुयांनी कातडी टोचायची पद्धत) विचारावं, सुयांमध्ये उष्णता नसते त्यामुळे डागाची भीती कमी.

सुरकुत्यांसाठी जाणाऱ्यांना एवढंच सांगेन की बारीक रेषा, उन्हाने खरबरीत झालेली कातडी यावर हे छान काम करतं, पण ओघळलेले गाल आणि हसताना-कपाळाला आठ्या घालताना पडणाऱ्या रेषा लेझरने जात नाहीत. मानेला करायचं असेल तर सौम्य सेटिंग आहे ना विचारा, मानेची कातडी चेहऱ्यापेक्षा हळू भरते आणि तिथे व्रण पडायचा धोका जास्त.

माझं पुढचं सेशन आता आधी दोन-तीन रोलिंग खड्ड्यांचं सबसिजन झाल्यावर, आणि तेही उन्हाचे महिने संपल्यावरच घेणार आहे, डॉक्टरही तेच म्हणाले.