‘हिप्स क्लियर’ पिल्लू घेण्याआधी : इंदूरमधली एक फसवणूक

इंदूरच्या एका मराठी कुटुंबाला जर्मन शेफर्डचं दोन महिन्यांचं पिल्लू ‘हिप्स क्लियर’, म्हणजे खुब्यांत दोष नाही, असं सांगून चढ्या भावात विकलं गेलं. सोबत केसीआयचे (केनेल क्लब ऑफ इंडियाचे) पेपर, पिल्लाचा एक्स-रे आणि व्हॉट्सअ‍ॅपवर आई-बापाच्या एक्स-रेचे फोटो. दहाव्या महिन्यात कुत्रा पळताना मागचे दोन्ही पाय सशासारखे एकदम टाकू लागला, जिना टाळू लागला. महूला एक्स-रे काढला, तेव्हा दोन्ही खुब्यांच्या वाट्या, म्हणजे मांडीचं हाड जिथे बसतं त्या खोबणी, उथळ निघाल्या. यालाच हिप डिसप्लेसिया म्हणतात.

दोन महिन्यांच्या पिल्लाच्या एक्स-रेवरून काहीच ठरत नाही. जन्मतः खुबा ठीकच दिसतो. सांधा ढिला पडून वाटी उथळ राहते ती पुढच्या महिन्यांत. पेनहिप ही खुब्याचा ढिलेपणा मोजणारी एक्स-रे तपासणी १६ आठवड्यांपासून होते, आणि कुत्र्यांच्या खुब्यांना श्रेणी देणारी अमेरिकेची ओएफए संस्था पक्की श्रेणी २४ महिने पूर्ण झाल्यावरच देते. म्हणजे सर्टिफिकेट असलंच तर आई-बापाचं. केसीआयचे पेपर वंशावळीचे. ते खुब्याची हमी नव्हेत.

खरी लबाडी आई-बापाच्या फोटोंत होती. बापाचीच फिल्म आरशातल्यासारखी उलटवून आईची म्हणून पाठवली होती. बाजू दाखवणारं ‘आर’ अक्षर उलटं पडलेलं, पण तिकडे कोणाचं लक्ष गेलं नाही. चिप नंबर (कुत्र्याच्या कातडीखाली बसवलेल्या ओळख-चिपचा) आणि तारखेचा कोपरा तर कापलेलाच होता.

फोटो स्वीकारूच नका, मूळ डायकॉम फाइल, म्हणजे एक्स-रे यंत्रातून निघालेली डिजिटल फाइल मागा. १५ आकडी चिप नंबर एक्स-रे काढतानाच फिल्मवर आलेला हवा, नंतर पेनाने लिहिलेला नव्हे. स्कॅनर घेऊन जा आणि समोरच्या कुत्रीची चिप त्याच्याशी ताडून बघा. हे टाळणाऱ्याकडून पिल्लू घेऊ नये. ओएफएचा निकाल सांगितला, तर कुत्र्याचा नोंदणी क्रमांक त्यांच्या संकेतस्थळावर स्वतः टाकून पाहा. नेहमीच्या फिल्ममध्ये कुत्रा पाठीवर, मागचे पाय सरळ आणि समांतर, गुडघ्याच्या वाट्या मधोमध असतात. कंबर तिरकी असली की एक खुबा आहे त्याहून खोल दिसतो, दुसरा उथळ. आणि दोष अनेक जनुकांतून येतो, म्हणून आई-बाप चांगले असूनही पिल्लू बिघडू शकतं. त्यांची भावंडं आणि आधीच्या वेतातली पिल्लं कशी निघाली, हे विचाराच.

तक्रार केल्यावर विक्रेता म्हणाला, “टाइल्सवर घसरला, जास्त खाऊ घातलंत.” हे अर्धसत्य आहे. वाढत्या वयातलं जादा वजन दुखणं वाढवतं, पण सांध्याचा ढिलेपणा मुळात वंशातून येतो. शिवाय रोज कॅल्शियमचं सिरप द्यायला त्यानेच सांगितलं होतं! तयार पपी फूड खाणाऱ्या मोठ्या जातीच्या पिल्लाला वरून कॅल्शियम दिलं, तर हाडांची वाढ बिघडते.

सगळ्यात मोठं नुकसान वेळेचं झालं. १६ आठवड्यांच्या सुमारास गुंगी देऊन ढिलेपणा तपासला, तर कमरेच्या हाडाची एक छोटी शस्त्रक्रिया उपयोगी पडू शकते, पण साधारण २० आठवड्यांपर्यंतच. खोट्या कागदावर विसंबल्यामुळे ती संधी गेली. पावतीवर पिल्लाचा आणि आई-बापाचा चिप नंबर आणि ‘हिप्स क्लियर’ हे शब्द लिहून घ्या. ग्राहक आयोगात २ वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि तिथे तोंडी शब्दापेक्षा हीच पावती कामाला येईल.