विश्वामित्रीसाठी डेल्टा की क्वांटाइल मॅपिंग?

हवामान मॉडेलचा पाऊस जसाच्या तसा नदीच्या मॉडेलात घालायचा नाही, इथवर सगळ्यांचं एकमत असतं. दुरुस्ती क्वांटाइल मॅपिंगने करायची की डेल्टा पद्धतीने, तिथे वाटा फुटतात. बडोद्यातून वाहणारी विश्वामित्री आणि जवळची मही यांच्यापुरतं बोलायचं, तर नदीगणिक उत्तर वेगळं येतं.

क्वांटाइल मॅपिंग म्हणजे मॉडेलच्या पावसाचं वितरण, लहान सरींपासून मोठ्यांपर्यंत क्रमाने, मोजलेल्या पावसाच्या वितरणाशी जुळवणं. त्याचा खरा उपयोग रिमझिमीवर होतो. मॉडेलात पावसाळाभर जवळजवळ रोज एक-दोन मिलिमीटर पडत राहतो, माती कायम ओली राहते आणि मग प्रत्येक मोठ्या सरीचा येवा फुगून येतो. ओल्या दिवसांचा उंबरठा हवामान खात्याच्या पाव अंशाच्या चौकोनांतल्या नोंदींशी जुळवला की हे थांबतं. शिवाय पावसातली उघडीप लांबणार असेल, तर तीही उतरते. महीचं पाणलोट सुमारे ३५ हजार चौरस किलोमीटर. महीवरचं कडाणा धरण कधी भरतं आणि बडोद्याला पाणी देणाऱ्या नदीपात्रातल्या फ्रेंच विहिरींना उन्हाळ्यात किती पाणी राहतं, हे दोन पावसांमधल्या अंतरावर ठरतं. तिथे हीच पद्धत घ्यावी. आयआयटी गांधीनगरच्या संचात १३ मॉडेलांचा दुरुस्त केलेला रोजचा पाऊस २१०० पर्यंत तयारच आहे.

डेल्टा पद्धतीत उघडीप बदलतच नाही. मोजलेल्या पावसाची मालिका घ्यायची, आणि मॉडेलातला भविष्यातला पाऊस त्याच्याच आधारकाळातल्या (तुलनेसाठी धरलेल्या जुन्या वर्षांतल्या) पावसाच्या किती पट आहे, त्या गुणोत्तराने महिन्यागणिक गुणायची. पावसाचे दिवस तेच राहतात. ही उणीव मोठी आहे, नाकारण्यात अर्थ नाही.

तरीही विश्वामित्रीच्या पुरासाठी माझा कल डेल्टाकडे आहे, आणि कारण वितरणाच्या शेपटीत, म्हणजे क्वचितच पडणाऱ्या सर्वांत मोठ्या पावसांत आहे. ३० वर्षांचे जुलै म्हणजे ९३० दिवस, त्यातला वरचा एक टक्का म्हणजे जेमतेम ९. भविष्यातला पाऊस या कक्षेबाहेर गेला की बहुतेक तयार कोड शेवटच्या दिवसाचीच दुरुस्ती पुढे ओढतात, आणि तसा इशाराही देत नाहीत. म्हणजे पुराचं शिखर एका दिवसाच्या नोंदीवर टेकलेलं असतं. त्यात सीएमआयपी६ चा (जगभरच्या हवामान मॉडेलांच्या सामायिक संचाचा) ऐतिहासिक काळ २०१४ ला संपतो, त्यामुळे १९८५-२०१४ या नेहमीच्या आधारकाळात ना ३१ जुलै २०१९ चा बडोद्याला बुडवणारा पाऊस येतो, ना ऑगस्ट २०२४ चा. आधारकाळ पाच वर्षं मागे नेला तर शंभर वर्षांच्या पुराचा आकडा उत्सर्जनाचं परिस्थिती-चित्र बदलल्यापेक्षा जास्त हललेला मी पाहिला आहे. मोठ्या नदीत हे बरंच विरून जातं. विश्वामित्रीचं पाणलोट मोजक्या चौकोनांतच बसतं, तिथे विरायला जागा नाही.

डेल्टात मात्र प्रश्न सरळ विचारता येतो: ऑगस्ट २०२४ चा तोच पाऊस आणखी वाढून पडला, तर आजवा जलाशयाखालच्या विसर्गाचं काय होईल? फक्त १९८५-२०१४ शी काढलेलं गुणोत्तर त्याला लावू नका. २०२४ पर्यंतचा बदल त्या पावसात आधीच आलेला आहे. मॉडेलचा आधारकाळ २०१०-२०३९ धरा. वरच्या पाच टक्के दिवसांचं गुणोत्तर वेगळं काढा, महिन्याच्या सरासरीने शिखर बहुधा कमी येतं. मे आणि नोव्हेंबरमध्ये गुणोत्तराच्या छेदातला, म्हणजे आधारकाळातला पाऊस शून्याजवळ असतो, गुणोत्तर आठ-दहापर्यंत उडतं. तिथे पूर्ण ऋतूचं एकच घ्या. तापमान गुणायचं नाही, फरक मिळवायचा.

नदीचं मॉडेल बसवताना खालच्या अंगाच्या पातळीवरून विसर्ग काढत असाल, तर विश्वामित्री जिला मिळते ती ढाढर नदी भरलेली असतानाचे दिवस वगळा. फुगवट्याने पातळी चढते, विसर्ग तितका नसतो, आणि ही चूक दोन्ही पद्धतींत सारखीच शिरते.

मॉडेलांच्या पावसाची आधी सरासरी काढून एकच रन घेण्याचा मोहही टाळा. प्रत्येकाचा मोठा पाऊस वेगळ्या दिवशी पडतो, सरासरीत सगळी शिखरं बुजतात. रन वेगवेगळे घ्या आणि विसर्गाचा पट्टा मांडा.