एक्स१ कार्बन: कुठली पिढी घ्यावी, कुठली सोडावी

लेनोवोच्या थिंकपॅड एक्स१ कार्बन या लॅपटॉपची पहिली पिढी २०१२ साली आली. तेव्हापासून लेनोवो जवळपास दरवर्षी त्याच नावाचं नवं यंत्र काढते आहे. काळा रंग तोच, कीबोर्डच्या मधोमध लाल टिंबही तेच. लांबून बघणाऱ्याला वाटतं, नवा प्रोसेसर घातला की झाली पुढची पिढी. तसं अजिबात नाही. यातल्या काही पिढ्या डोळे मिटून घ्याव्यात अशा आहेत, आणि एक तर फुकट मिळाली तरी मी कामाला लावणार नाही.

आधी माझं काम सांगते, म्हणजे माझा कल कुठे आहे ते कळेल. मी मुलाखती आणि बैठका ऐकून त्यांचं टंकलेखन करते. कानात हेडफोन, नजर मजकुरावर, बोटं कीबोर्डवर. आवाज थांबवणं, थोडा मागे नेणं, वेग कमी करणं ही सगळी कामं मी वरच्या रांगेतल्या एफ-कींना (एफ१ ते एफ१२) लावून ठेवली आहेत. त्या की न बघता सापडल्या पाहिजेत. लाल टिंब, म्हणजे ट्रॅकपॉइंट, मला लागतं ते एवढ्यासाठीच की कर्सर हलवायला हात खाली न्यावा लागत नाही. व्हिडिओ संपादन करणारा याच यंत्रांचा वेगळा निवाडा करील, आणि त्याचंही खरं असेल.

तिसरी, सहावी आणि बारावी पिढी मी स्वतः रोजच्या कामाला वापरली. बाकीच्या बहुतेक सोबत काम करणाऱ्यांच्या टेबलांवर हाताळल्या. त्यातून माझा एक ठोकताळा तयार झाला: ज्या पिढीत साचा, म्हणजे यंत्राची मूळ रचना, बदलतो ती सोडायची आणि तिच्या मागोमागची घ्यायची. हा ठोकताळा बराच काळ चालला. पुढे कुठे फसला तेही सांगते.

पहिल्या पिढीबद्दल फार लिहिण्यासारखं आता उरलेलं नाही. चौदा इंची पडदा असून वजन १.३६ किलो, हे त्या वेळी नवल होतं. पडदा १६०० बाय ९०० चा, बाजूने पाहिलं की रंग फिके पडणारा. रॅम मदरबोर्डवर (आतल्या मुख्य सर्किट-पाटीवर) सोल्डर केलेली, म्हणजे नंतर बदलता न येणारी, आणि फार तर ८ जीबी. ही सोल्डरची खोड या मालिकेला पहिल्या दिवसापासून आहे आणि आजतागायत सुटलेली नाही. खरेदीच्या वेळी जेवढी रॅम घ्याल तेवढ्यावरच शेवटपर्यंत निभावायचं.

खरी गंमत २०१४ च्या दुसऱ्या पिढीची. कोणाच्या तरी मनात आलं की एफ-कींची अख्खी रांग काढून टाकावी आणि तिथे स्पर्शाने चालणारी पट्टी बसवावी. ब्राउझर उघडला की पट्टीवर एक चिन्हं, दुसरं काही उघडलं की दुसरी. कागदावर हे फार हुशारीचं दिसतं. पण बोटाखाली सपाट काच आली की एफ४ कुठे संपला आणि एफ५ कुठे सुरू झाला हे कळायला मान खाली घालावीच लागते. माझ्यासारखीला त्या क्षणी वाक्य हातचं गेलं. एवढ्यावर थांबले असते तरी एक वेळ चाललं असतं. कॅप्स लॉकच्या जागी होम आणि एंड आले, डिलीट बॅकस्पेसला चिकटून बसलं. शिवाय ट्रॅकपॉइंटची तीन वेगळी बटणं गेली आणि ती टचपॅडच्याच वरच्या कडेत विरघळली. दाबायला गेलं की अख्खं पॅडच खाली जायचं. पडदा मात्र या पिढीत २५६० बाय १४४० पर्यंत मिळू लागला, हे कबूल करायला हवं. तरीही ही पिढी मी कोणालाच सुचवणार नाही.

लेनोवोने २०१५ च्या तिसऱ्या पिढीत हे सगळं मुकाट्याने मागे घेतलं. एफ-की परत, होम-एंड मूळ जागी, ट्रॅकपॉइंटची तीन बटणंही परत. माझी या मालिकेशी गाठ पडली ती इथेच. वर्षानुवर्षं ते यंत्र मी बडवलं. आज ८ जीबीची कमाल मर्यादा आणि तेव्हाचा दोन कोअरचा प्रोसेसर घेऊन ते नुसतं लिहिण्यापुरतं उरलं आहे, पण लिहिण्यापुरतं आजही उत्तम. २०१६ ची चौथी पिढी १.१८ किलोवर उतरली आणि रॅम १६ जीबीपर्यंत मिळू लागली. बाकी चौथीबद्दल माझी ना तक्रार ना प्रेम.

२०१७ च्या पाचव्या पिढीत साचा पुन्हा बदलला. पडद्याभोवतीच्या पट्ट्या बारीक झाल्या, त्यामुळे चौदा इंची पडदा आधीच्या तेरा इंची यंत्रांच्या आकारात मावला. वजन १.१३ किलो. चार्जिंग यूएसबी-सी वरून सुरू झालं, त्याच पोर्टातून वेगाने माहिती नेणारं थंडरबोल्ट ३ आलं. दिसायला ही पिढी आजही शिळी वाटत नाही. पण तिच्यावर २०१८ च्या फेब्रुवारीत परत बोलावण्याची वेळ आली. आत एखादा स्क्रू नीट न बसता सुटा राहिला तर तो बॅटरीला इजा करून आग लागू शकते, असं त्यामागचं कारण होतं. डिसेंबर २०१६ ते ऑक्टोबर २०१७ या काळात बनलेली यंत्रं त्यात होती, एकट्या अमेरिकेत सुमारे ७८ हजार. वापरलेली पाचवी पिढी कोणी देऊ करत असेल तर उत्पादनाची तारीख आणि ती तपासणी झाली का, या दोन गोष्टी विचारल्याशिवाय पुढे बोलू नये.

सहावी पिढी, २०१८. माझ्या ठोकताळ्याचं सगळ्यात चोख उदाहरण. बाहेरून पाचवीसारखीच, पण आत इंटेलचा आठव्या पिढीचा प्रोसेसर, म्हणजे दोनाऐवजी चार कोअर. इतकी मोठी उडी त्याआधीच्या कितीतरी वर्षांत नव्हती. लांबलचक ध्वनिफीत उघडी, शेजारी तिची तरंगरेषा, मागे ब्राउझरच्या टॅबांची गर्दी, तरी टंकलेखनात खोळंबा नाही. कॅमेऱ्यावर सरकवायचं छोटं झाकण याच पिढीत आलं. पण एक मेख आहे: चेहरा ओळखणारा इन्फ्रारेड कॅमेरा ज्या मॉडेलांत आहे त्यांना ते झाकण नाही. माझ्यात झाकण आहे, आणि चेहरा ओळखण्यावाचून माझं काहीही अडलेलं नाही.

सहावीची दुसरी जमेची बाजू तेव्हा कोणाच्या लक्षात यायचं कारण नव्हतं. विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीच्या प्रोसेसरपासून पुढे चालतं. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणजे एकसारख्या दिसणाऱ्या पाचवी आणि सहावी या बहिणींमधली पाचवी रेषेच्या अलीकडे राहिली आणि सहावी पलीकडे गेली. विकणारा नुसतं ‘एक्स१ कार्बन’ म्हणत असेल तर तळाच्या लेबलावरचा मॉडेल क्रमांक वाचा. २०केजी किंवा २०केएच असेल तर सहावी. २०एचक्यू किंवा २०एचआर असेल तर पाचवी.

लिनक्सवाल्यांना सहावीने सुरुवातीला छळलं. झाकण मिटल्यावर यंत्र जुन्या पद्धतीने गाढ झोपायला तयारच नव्हतं, विंडोजसाठीची नवी अर्धवट झोप तेवढी त्याला येत होती. पुढे बायोसच्या (यंत्र सुरू होताना आधी चालणाऱ्या मूळ प्रणालीच्या) अपडेटमध्ये लिनक्ससाठी वेगळा पर्याय आला आणि प्रश्न मिटला. जुनी सहावी किंवा पाचवी घेतलीत तर बायोसबरोबर थंडरबोल्टचं फर्मवेअरही (त्या चिपमधली अंगभूत प्रणाली) आधी अद्ययावत करा. ते तसंच राहिलं तर यूएसबी-सी चे पोर्ट कालांतराने बंद पडू शकतात, असं लेनोवोनेच जाहीर केलं होतं. चार्जिंगही त्याच पोर्टातून होतं, तेव्हा हे काम उद्यावर टाकू नये.

सातवी आणि आठवी पटकन उरकते. २०१९ च्या सातवीत वजन १.०९ किलोच्या आसपास आलं, पण बॅटरी ५७ वॅट-तासांवरून ५१ वर आली. हलकं केल्याची शाबासकी घ्यायची आणि बॅटरी कापायची, हा हिशोब मला पटत नाही. ४के पडदा घेणाऱ्यांना झाकणावर कार्बन फायबरची वीण दिसेल असं आवरण मिळालं. दिसतं छान, उपयोग शून्य. २०२० ची आठवी म्हणजे जवळपास सातवीच. तिच्यासोबत फेडोरा ही लिनक्सची आवृत्ती आधीच बसवून मिळण्याची सोय झाली, ती मात्र स्वागताची.

नववी पिढी २०२१ ची, आणि इथे मजकुराशी ज्यांचा संबंध आहे त्यांनी कान टवकारावेत. पडदा १६:९ चा १६:१० झाला. साध्या पडद्यावर १०८० ऐवजी १२०० ओळी. आकड्यात हे किरकोळ वाटतं. पण कागदपत्र उघडल्यावर खाली आणखी तीन-चार ओळी दिसतात, आणि मागचं वाक्य बघायला वर जाणं तेवढं कमी होतं. बॅटरी पुन्हा ५७ वॅट-तासांची, रॅम ३२ जीबीपर्यंत. कीबोर्ड मात्र माझ्या बोटांना सहावीइतका खोल लागत नाही. सहावीवर की खाली गेल्याचं बोटाला कळतं. नव्या यंत्रांत ते निम्म्यावर विश्वास ठेवून पुढे जायचं.

आता माझ्या ठोकताळ्याप्रमाणे नववीनंतरची दहावी घ्यायला हवी. इथेच तो फसतो. २०२२ च्या दहावीत साचा तोच राहिला, कॅमेरा सुधारला, त्यासाठी पडद्याच्या वरच्या कडेवर छोटा उंचवटा आला (झाकण उघडायला तो फार सोयीचा आहे, ज्यांना तो कुरूप वाटतो त्यांनी एकदा बोट लावून पाहावं). पण इंटेलने त्या वर्षी पी-मालिकेचे प्रोसेसर काढले, मूळ शक्ती २८ वॅट. बॅटरी तीच, जाडीही जवळपास तीच. या देहात २८ वॅट मुरवायचे तर पंखा फिरणारच, आणि बॅटरी लवकर संपणारच. ध्वनिफितीत कोणी पुटपुटत असताना शेजारी पंखा सुरू झाला की माझा जीव जातो. सुदैवाने दहावी १५ वॅटच्या यू-मालिकेतही मिळत होती. प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी पी आहे की यू, एवढं एक अक्षर बघा. लिहिण्या-वाचण्याच्या कामाला यू पुरून उरतो. २०२३ च्या अकरावीला हेच सगळं लागू.

बारावी सध्या माझ्या टेबलावर आहे. सगळ्यात मोठी बातमी डाव्या कोपऱ्यातली. थिंकपॅडवर कोपऱ्यात एफएन आणि त्याच्या आत कंट्रोल, ही जुनी वहिवाट. बाकी जगात उलट. बायोसमधून अदलाबदल करता यायची, पण कीवरची अक्षरं तर तीच राहायची. बारावीत लेनोवोने कंट्रोल कोपऱ्यात आणलं. नव्याने येणाऱ्यांना हायसं वाटलं. आमच्यासारख्या जुन्या खोडांची करंगळी काही आठवडे चाचपडत राहिली, कॉपी करायला जावं आणि काहीच होऊ नये. तरी निर्णय बरोबरच आहे, दुसऱ्या लॅपटॉपवर बसलं की आता तारांबळ उडत नाही. काही कींवर बोटाला लागतील असे बारीक उंचवटे दिले आहेत. दृष्टी अधू असलेल्यांसाठी ती सोय आहे, आणि कीबोर्डकडे न बघता काम करणाऱ्या सगळ्यांनाच ती लाभते. ट्रॅकपॉइंटवर दोनदा टिचकी मारली की एक छोटा मेन्यू उघडतो. तो मी लगेच बंद केला.

बारावी घेताना एक खबरदारी. तिच्यात कंपनाने क्लिकचा भास देणारं हॅप्टिक टचपॅड पर्याय म्हणून मिळतं, आणि ते निवडलं की ट्रॅकपॉइंटची खरी बटणं जातात. दुसऱ्या पिढीत हेच झालं होतं. या वेळी निदान सक्ती नाही. लाल टिंबावर ज्यांचं काम चालतं त्यांनी साधं टचपॅड निवडावं.

तेरावीची ऑरा एडिशन एक किलोच्या खाली आली, सुरुवातीचं वजन ९८६ ग्रॅम. हातात घेतल्यावर आत काही आहे की नाही अशी शंका येते. आतला इंटेलचा लूनर लेक प्रोसेसर बॅटरी जपून वापरतो आणि पंख्याची गरज कमी पडते, म्हणजे दहावीचं दुखणं इथे बरं झालं. पण बारावीत ६४ जीबीपर्यंत गेलेली रॅम इथे ३२ वर थांबते, कारण ती आता मदरबोर्डवरही नाही, प्रोसेसरच्याच पॅकेजमध्ये आहे.

सेकंड-हँड आणि हात आखडता असेल तर १६ जीबीवाली सहावी. थोडं जास्त जमत असेल आणि मजकूर बघत दिवस जात असेल तर नववी, तीही १६ जीबीच्या खाली नको. व्हर्च्युअल मशीन, म्हणजे एका संगणकात दुसरा आभासी संगणक, चालवणाऱ्यांनी ६४ जीबीची बारावी शोधावी, नुसतं वजन बघून तेरावीकडे धावू नये. आणि तेरावीच घ्यायची ठरवलीत तर प्रोसेसरचा आकडा नीट वाचा: २५८व्ही आणि २२८व्ही मध्ये ३२ जीबी असते, २५६व्ही आणि २२६व्ही मध्ये १६. जाहिरातीत हे बारीक अक्षरात असतं, आणि नंतर बदलून मिळत नाही.