डायलिसिस की प्रत्यारोपण? अंगाची आग सोसणाऱ्यांसाठी

किडनी निकामी झाली की खाज आणि कातडीची आग रात्रभर झोपू देत नाही. कोल्हापुरात बहुतेकांची गाठ आधी हिमोडायलिसिसशी, म्हणजे यंत्रातून रक्त शुद्ध करून घेण्याशी पडते: हातावर फिस्टुलाची (धमनी आणि शीर जोडण्याची) शस्त्रक्रिया, मग आठवड्याला साधारण 3 वेळा, दरवेळी 4 तास. चंदगडकडच्यांचा तर प्रवासातच जीव जातो. एवढं करूनही खाज पुरती जात नाही. रक्तातला फॉस्फरस आवरावा लागतो आणि दुधात तो भरपूर, म्हणजे गंगावेशीतल्या धारोष्ण दुधालाही मुकायचं. कधी डॉक्टर खाजेसाठी अगदी कमी मात्रेत गॅबापेंटिन हे मज्जातंतूंवरचं औषध देतात.

प्रत्यारोपणानंतर खाज बहुधा थांबते. दाता मात्र मिळायला हवा, 1994 च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार मंजुरीही लागते. प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या रोजच्या गोळ्यांनी नागिणीचा धोका वाढतो, आणि नागीण सुकल्यावरही कातडी महिनोन् महिने ठणकू शकते. तरीही तब्येतीला झेपत असेल तर माझा कौल प्रत्यारोपणालाच. नागिणीच्या लशीचं शस्त्रक्रियेआधीच विचारून घ्या.