हिमेजीचा किल्ला: लाकूडकाम पाहण्यासाठी जा
जपानला जाणारी आपली ग्वाल्हेरकर मंडळी बहुधा टोकियो आणि क्योतो पाहून परततात. त्यांनी हिमेजीच्या किल्ल्यासाठी एक अख्खी सकाळ राखून ठेवावी, असे मी आग्रहाने सांगेन. ओसाकाच्या शिन-ओसाका स्थानकाहून शिंकानसेन या वेगवान रेल्वेने हिमेजी अर्ध्या तासावर आहे, आणि स्टेशनाबाहेर पडताच सरळ रस्त्याच्या टोकाला पांढराशुभ्र बालेकिल्ला दिसू लागतो.

इकेदा तेरुमासा या सरदाराने १६०१ ते १६०९ या काळात ही वास्तू आजच्या रूपात उभी केली. बाहेरून पाच मजले दिसतात, पण आत सहा मजले आणि शिवाय एक तळघर आहे, आणि हा सारा भार तळघरातून थेट वरच्या मजल्याच्या जमिनीपर्यंत गेलेल्या दोन प्रचंड लाकडी खांबांनी पेलला आहे. त्यांपैकी पश्चिमेचा खांब कुजल्यामुळे १९५६ ते १९६४ च्या दुरुस्तीत बदलावा लागला. नवा खांब दोन लाकडे जोडून केलेला असून तो सांधा तिसऱ्या मजल्यावर आहे. तेथे थोडे थांबावेच. ग्वाल्हेरच्या किल्ल्यावरील मानमंदिर महालाचा दगड पाहत वाढलेल्या माणसाला लाकडाचा किल्ला चारशे वर्षे टिकतो हे पटायला वेळ लागतो. बाहेरचा जाड चुन्याचा गिलावा आगीपासून बचावासाठी आहे. १९४५ च्या हवाई हल्ल्यात शहर जळाले, किल्ला मात्र वाचला.

आपल्या ग्वाल्हेरच्या किल्ल्याचे रक्षण उंच कडा करतो. हिमेजीची टेकडी बुटकी असल्यामुळे तेथे ते काम वाटेवर सोपवलेले आहे. बालेकिल्ला अगदी समोर दिसत असताना वाट अरुंद होते, उलट दिशेला वळते, पुन्हा एका बुटक्या दरवाजात शिरते, आणि दोन्ही बाजूंच्या भिंतींतल्या त्रिकोणी, चौकोनी व गोल जंग्या, म्हणजे मारा करण्याची छिद्रे, आपल्यावर रोखलेल्या असतात. बांधकामाला दगड कमी पडले तेव्हा एका म्हातारीने आपले जाते दिले, अशी दंतकथा आहे. जाळीआड जपलेला तो दगड तटाच्या भिंतीत आजही दाखवतात.

ग्वाल्हेरच्या जयविलास राजवाड्यातल्या झुंबरांची अपेक्षा ठेवून गेलेल्यांची मात्र निराशा होईल, कारण आत सामान जवळजवळ नाही. बंदुका व भाले टांगण्याच्या भिंतीवरच्या खुंट्या, तुळया, गुळगुळीत फळ्या आणि सर्वांत वर एक छोटेसे देवस्थान, एवढेच आहे. मला हा रिकामेपणा आवडला, कारण त्यामुळे सुताराचे काम विनाअडथळा पाहता येते.

जिने मात्र फार उभे आहेत. पादत्राणे काढून पिशवीत घालून हातात धरावी लागतात आणि मोज्यांवर पाय घसरतो, म्हणून गुडघेदुखी असणाऱ्यांनी वर जाण्याचा हट्ट धरू नये; खालच्या विस्तीर्ण मैदानात प्रवेश विनामूल्य आहे आणि तेथूनही किल्ला उत्तम दिसतो. आमच्या सहलीच्या आयोजकांनी येथे जेमतेम दीड तास दिला होता, तो अगदीच अपुरा आहे. तीन तास तरी मागून घ्यावेत. मार्च २०२६ पासून शहराबाहेरच्या प्रौढांना २,५०० येन शुल्क पडते, आणि ते मला रास्त वाटते. दार सकाळी नऊ वाजता उघडते. तेव्हाच आत शिरावे, कारण उशीर झाला की जिन्यांवर रांग लागते आणि खांबापाशी उभे राहू देत नाहीत.