‘फुल्ली रिस्टोअर्ड’ एचएमटी पायलट, आठ महिन्यांनंतर: मशीन खणखणीत, चावी टाकाऊ

परवा सकाळी चावी देता देता माझ्या एचएमटी पायलट या मनगटी घड्याळाची चावीच हातात आली. विकणाऱ्याला फोटो पाठवला. उत्तर आलं, "सर, व्हिंटेज पीसला वॉरंटी नसते." घेताना जाहिरातीत मात्र ‘फुल्ली रिस्टोअर्ड, सर्व्हिस्ड, न्यू ओल्ड स्टॉक कंडिशन’ (म्हणजे जुना पण न वापरलेला माल) असं सगळं एका दमात लिहिलेलं होतं. म्हटलं, आता सविस्तर लिहूनच टाकू.

पायलट म्हणजे काय हे इथे कुणाला सांगायला नको. काळी डायल, पांढरे आकडे, सतरा ज्वेल (घर्षण कमी करणारे खडे), पॅरा शॉक (धक्का सोसणारी रचना), हाताने चावी द्यायची. मी १८०० रुपये मोजले, कुरिअर वेगळं. जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी नशीब असेल तर यापेक्षा बऱ्याच कमी पैशांत मिळतं, पण तिथे बंद घड्याळ मिळतं आणि आपल्याला तर म्हणे ‘रिस्टोअर केलेलं’ हवं होतं.

पहिल्या आठवड्यातच डायलबद्दल शंका आली. आयग्लास, म्हणजे डोळ्याला लावायचं भिंग, लावून पाहिलं तर मिनिटांच्या रेघा आकड्यांच्या मध्यावर येत नाहीत. बाराच्या बाजूला बरोबर, सातपाशी पोचेपर्यंत सरकलेल्या. ‘एचएमटी’ची अक्षरं जाड, कडेला शाई किंचित पसरलेली. म्हणजे रीडायल. जगभरचे घड्याळवेडे अशा मालाला ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात, आणि ते काही कौतुकाने म्हणत नाहीत. जुनं मशीन, कुठली तरी केस (बाहेरची धातूची पेटी), नव्याने छापलेली डायल, भलतेच काटे. शेंदरी, पोपटी, मोरपंखी असल्या रंगांच्या डायली पाहिल्या असतील तर त्या याच खानदानातल्या. माझी निदान काळी तरी होती, म्हणून लगेच लक्षात आलं नाही.

तेव्हा मी भयंकर चिडलो होतो आणि एक तारा देणार होतो. ते मत आता बदललंय. कारण नंतर मी स्वतःच हौसेने घड्याळं उघडायला लागलो. दमट हवेत चाळीस-पन्नास वर्षं काढलेली मूळ डायल कशी दिसते हे बघितलं की नव्या छपाईवरचा राग निवळतो. फोड आलेले, पॉलिश उडालेलं, आकडे अर्धे गळालेले. कुणी म्हणालं की ‘डायल नवी आहे, मशीन जुनं आहे, किंमत एवढी’, तर माझी काही तक्रार नाही. परदेशात लोक जपानच्या सेइको कंपनीचं एनएच३५ मशीन घेऊन हवी ती डायल, हवे ते काटे बसवतात आणि अभिमानाने मिरवतात. आपल्याकडे तेच काम होतं, फक्त त्याला ‘ओरिजिनल’ म्हणून विकायची खोड आहे.

डायलचं प्रकरण इथे संपलं. आता चावी.

लोक विचारतील, एवढ्याशा चावीचं काय घेऊन बसलाय? अहो, हे ऑटोमॅटिक नाही. रोज सकाळी अंगठा आणि तर्जनी यांच्यात धरून पंचवीस-तीस वळसे द्यायचे. घड्याळाशी आपला रोजचा संबंध येतो तो एवढाच. काच आपण नुसती बघतो, पट्टा एकदा बांधला की विसरतो, चावी मात्र रोज हातात. आणि या माणसाने बसवलेली चावी जेमतेम चार मिलिमीटरची, वर पातळ क्रोम, कडेचे दाते इतके बोथट की बोट नुसतं घसरतं. पावसाळ्यात हात ओलसर असले की रुमालात धरून चावी द्यायची वेळ. शिवाय केसच्या नळीपेक्षा चावीचं आतलं भोक मोठं, त्यामुळे ती डुगडुगते आणि त्या फटीतून धूळ सरळ आत जाते. जुलैमध्ये काचेखाली वाफ धरली तीही तिथूनच. याला रिस्टोअर म्हणायचं?

आता निघाल्यावर कळलं की मूळ भानगड चावीचीही नव्हती. स्टेम आखूड होता. स्टेम म्हणजे चावीपासून मशीनपर्यंत जाणारी बारीक सळई, तिच्या टोकाला आटे असतात आणि चावी त्यावर फिरवून बसते. याने कुठल्या तरी घड्याळातला आखूड स्टेम लावला, चावीला जेमतेम दोन आटे मिळाले, आणि उरलेलं काम सुपरग्लूवर सोडून दिलं. ग्लू वाळताना त्याची वाफ उडते आणि आजूबाजूच्या पृष्ठभागावर पांढरट साय धरते. डायलच्या तीनपाशी काचेवर आतून एक धुरकट डाग होता. तो मी इतके दिवस वयोमानाचा समजत होतो.

सुपरग्लू ॲसिटोनने सुटतो. पण ऐका, या घड्याळांची काच म्हणजे ॲक्रिलिक. त्यावर ॲसिटोनचा थेंब पडला तर काच गेलीच. स्टेम बाहेर काढून फक्त तो आणि चावी काचेच्या छोट्या बाटलीत भिजवायची, घड्याळ दुसऱ्या टेबलावर.

आमच्या पेठेतल्या घड्याळजी काकांकडे गेलो. त्यांनी चावी बोटांत फिरवून पाहिली आणि म्हणाले, "ही टाकून द्या. मापाची नवी मिळायची नाही, जुनीच शोधायला लागेल." खरंच आहे. १९६१ साली सिटिझनच्या सहकार्याने बंगळूरला सुरू झालेला हा कारखाना आता नाही, २०१६ मध्ये केंद्र सरकारने एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली. तेव्हापासून या घड्याळांचे सुटे भाग मुख्यतः मेलेल्या घड्याळांतून येतात. बाजारात ‘एचएमटीला बसणारी’ म्हणून ज्या चाव्या मिळतात त्या कशालाही अर्धवट बसतात.

शेवटी जुन्या बाजारातून त्याच मशीनचं बंद घड्याळ दीडशे रुपयांना उचललं. बॅलन्स (मागे-पुढे झुलणारं चक्र) मोडलेला, काच गायब, पण स्टेम धड. चावी काकांच्या डब्यातून निघाली, चाळीस रुपये. मिळालेला स्टेम थोडा लांब होता, म्हणजे चावी केसपासून उभी राहत होती. लांब असेल तर कापता येतो, आखूड असेल तर सहसा काही करता येत नाही, म्हणून हे नशीबच. टोकाला बारीक कानस मारायची, चावी फिरवून बसवायची, केसमध्ये घालून बघायची, परत काढायची, परत दोन हात कानस. केसला टेकेल पण घासणार नाही अशी जागा आली की थांबायचं. आणि काटे फिरवायला बाहेर ओढल्यावर ‘टक्’ असा स्पष्ट आवाज आला पाहिजे. तो आवाज आला तेव्हा पंधरा मिनिटं मी उगाचच वेळ पुढे-मागे करत बसलो होतो.

मशीनबद्दल मात्र वाईट बोलवत नाही. तासाला १८,००० ठोके, म्हणजे सेकंदाला पाच. कानाला लावलं की संथ, भरीव टिकटिक. आलं तेव्हा टायमिंग मशीनवर ॲम्प्लिट्यूड, म्हणजे बॅलन्सचा झोका, १८० अंशांच्या आसपास होता, अडीचशेच्या वर असायला हवा. ‘सर्व्हिस्ड’ म्हणजे झाकण उघडून वरून तेल सोडलेलं, आत जुनं तेल गोंदासारखं घट्ट. काकांनी पूर्ण खोलून, धुऊन, नवं तेल घातलं, ४०० रुपये. आता २६० दाखवतं आणि दिवसाला दहा-बारा सेकंद पुढे जातं. साठीच्या दशकातल्या रचनेकडून मला एवढं पुष्कळ आहे.

मध्ये एकदा दिवसाला कित्येक मिनिटं पुढे पळायला लागलं होतं. हेअरस्प्रिंग, म्हणजे बॅलन्सची केसासारखी बारीक स्प्रिंग, गेली असं वाटून पोटात गोळा आला. निघालं काय, तर रात्री घड्याळ फोनच्या चुंबकवाल्या कव्हरवर ठेवत होतो. चुंबकत्वाने हेअरस्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटतात, स्प्रिंग जणू आखूड होते आणि घड्याळ धावत सुटतं. निळ्या डबीतला डीमॅग्नेटायझर, म्हणजे चुंबकत्व घालवणारं यंत्र, काही शे रुपयांना मिळतो. बटण दाबून घड्याळ हळूहळू लांब न्यायचं, झालं. या छंदात घेतलेल्या वस्तूंपैकी पूर्ण पैसे वसूल झाले ते एवढ्या एकाच वस्तूचे. सोबत घेतलेल्या स्वस्त स्क्रूड्रायव्हर संचाची पाती मऊ, तिसऱ्या स्क्रूला वाकली. ती घेऊ नका, दोन चांगले ड्रायव्हर सुटे घ्या.

काचेवरचे ओरखडे टूथपेस्ट आणि सुती कापडाने जातात. त्यासाठी वेगळी महागडी ट्यूब लागत नाही.

हिशेब असा: घड्याळ १८००, सर्व्हिस ४००, जुनं घड्याळ १५०, चावी ४०. एकूण २,३९०, कुरिअर आणि अवजारं सोडून. एवढ्यात मूळ डायलचं बंद पायलट घेऊन काकांकडून करून घेतलं असतं तरी पैसे उरले असते. तेव्हा ‘रिस्टोअर्ड’ वाल्यांना दोन तारे, ते सुद्धा कुरिअरचं पॅकिंग चांगलं होतं म्हणून. मशीनला साडेचार. घ्यायचंच असेल तर विकणाऱ्याकडे चावी बाहेर ओढलेल्या अवस्थेतला बाजूने काढलेला फोटो मागा, आणि झाकण उघडलेला दुसरा. दोन्ही द्यायला टाळाटाळ केली तर पुढे बोलू नका.

पुढचं काम एचएमटीच्याच कोहिनूरचं काढलंय. मूळ डायल हवी, काच फुटकी चालेल, मशीन बंद चालेल. कुणाकडे असेल तर सांगा, पण हजाराच्या वर जाणार नाही.